पापडाच्या डब्यातला माउस

पावसाळ्यात माझा माउस पापडाच्या डब्यात राहायचा. आमचं गाव पेडण्याच्या आतल्या बाजूला. जून लागला की इथे चपलांना बुरशी येते, देवाच्या फोटोला येते, तिथे माउसचं काय कौतुक! घरात खात्रीने हवाबंद अशी एकच वस्तू होती, आईचा डबा. खेळून झालं की मी माउसच्या तळाच्या गुळगुळीत पट्ट्या पुसायची, वायर सैल गुंडाळायची आणि त्याला उडदाच्या पापडांवर निजवून झाकण लावायची. त्याला कायम हिंगाचा वास यायचा. "एक दिवस तळून वाढतलंय तुका," आई म्हणायची.

तो मी सहा महिने शोधून निवडला होता. पेडण्याच्या बाजारात माउस मागितला की दुकानदार "वायरवाला की बिनवायरचा" एवढं विचारतो आणि विषय संपतो. मला हलका हवा होता. आमच्या गोळीबाराच्या खेळात मनगट झटक्यात वळावं लागतं, आणि जड माउस मागे राहतो. माझा हात लहान, म्हणून पाठही बसकी हवी होती. माझ्यासाठी स्थळं बघताना घरात कुणी इतका विचार केल्याचं मला आठवत नाही.

बी.एस्सी. होऊन दोन वर्षं मी घरात बसून होते. सरकारी जागा निघतील म्हणून थांबायचं, तोवर आलेल्या पाहुण्यांसमोर चहा न्यायचा. मला अक्षरशः गुदमरायला व्हायचं. अशात पुण्याच्या एका संघाने माझा खेळ ऑनलाइन पाहिला आणि चाचणीला बोलावलं. रविवारी दुपारी तीन फेऱ्या, घरूनच खेळायच्या. निवड झाली तर पगार, राहायची सोय आणि या घरातून सुटका. मला सुटकाच हवी होती, बाकीचं गेलं चुलीत.

आठवडाभर आधी माउसचं डावं बटण बिघडलं. एकदा दाबलं की दोनदा वाजायचं. एका गोळीच्या जागी दोन सुटायच्या आणि दुसरी भलतीकडे जायची. नवा मागवणार, तोच सावंतवाडीकडचे आमच्या भावकीतले कुणी आजोबा वारले. मी त्यांना कधी पाहिलेलं नव्हतं, त्यांनी मला नाही. पण सुतक ते सुतक. दहा दिवस कुणाकडे जायचं नाही, कुणाकडून काही आणायचं नाही आणि नवी वस्तू उंबऱ्याच्या आत घ्यायची नाही. मी आईशी भांडले, रडलेसुद्धा. ती ढिम्म हलली नाही.

बाबा तेव्हा पडवीत रिकामे बसले होते. शेतीचे पंप आणि मोटारी दुरुस्त करणं हा त्यांचा धंदा, तोही सुतकात बंद. माझ्या खेळाकडे त्यांनी कधी ढुंकून पाहिलं नव्हतं. पण यंत्र बिघडलंय म्हटल्यावर त्यांना राहवेना.

"नवीन काय हाडूचा नाय, बरोबर," ते आईला ऐकू जाईल असं म्हणाले. "जुन्याक जुना लावला तर काय बिघाडता?"

अडगळीत पडलेल्या मोडक्या कंप्युटरचा माउस त्यांनी फोडला. त्याच्या बटणाखाली चिंचोक्याएवढी काळी डबी होती, माझ्या माउसमध्येही तश्शीच. माझ्या माउसचे स्क्रू तळाच्या पट्ट्यांखाली लपलेले. त्या पट्ट्या त्यांनी इतक्या हळू सोडवल्या की मी श्वास रोखून बसले. मग सोल्डरिंगच्या तापल्या सळईने जोडाचा डाख वितळवला, जुनी डबी काढली, दुसरी बसवली. शेवटी मोटारीला लावतात तसा माउसला कान लावून बटण दाबलं.

"आयक. एकदाच वाजता."

खरंच एकदाच वाजत होतं. मला इतका आनंद झाला की त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. पडले मात्र नाही.

रविवारी चाचणी झाली. माउसने एकदाही दगा दिला नाही. एक दाब, एक गोळी. माझाच हात मागे पडत होता. समोरचा दिसायचा, मी दाबायची, तोवर त्याने मला मारलेलं असायचं. तिन्ही फेऱ्यांत तेच. तासाभरात निरोप आला: खेळ चांगला आहे, पण उशीर होतो.

बाहेर आले तर बाबा पडवीत उभेच होते. "जाला?"

"नाय. माउस परत बिघाडलो. मधीच दोनदा वाजलो."

तोंडातून निघून गेलं. हरलेय असं म्हणायला जीभ वळेना. त्यांचा चेहरा उतरला. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त माउस मागायला हात पुढे केला. "हाड."

पुढचे दोन दिवस ते पडवीत माउस घेऊन बसले. बटण दाबायचे, ऐकायचे, परत दाबायचे. एकदा उघडून डाख नव्याने लावला. टिक, टिक, टिक. मी आत पलंगावर पडून ते ऐकत होते आणि प्रत्येक आवाज एकेरी होता. दर वेळी वाटायचं, आता उठून सांगावं. ती लाज मला अजून आठवते. उठले नाही.

सुतक सुटलं, घरात गोमूत्र शिंपडलं. दुसऱ्याच दिवशी बाबा तांब्याची तार आणायला म्हापशाला गेले आणि येताना माउस घेऊन आले.

"चार माउस हातात धरून बघलंय. हो सगळ्यांत जड," ते म्हणाले. मोटार ते अशीच पारखतात. जड असली तर आत तांबं खरं. "टिकतलो. त्या जुन्याचो दोष नाय गो बाय. माझ्या हाताचो."

मला हलका लागतो, हेही मी सांगितलं नाही. तो घेऊन मी खेळायला बसते, मनगट दुखेपर्यंत.

गेल्या आठवड्यात शेजारची काकी मिक्सर घेऊन आली होती. बाबांनी तो उघडलासुद्धा नाही. "बारीक काम माझ्यान होवचा नाय आता," ते तिला म्हणाले. "हात रवनत नाय. म्हापशाक ने."

त्यांचे हात अगदी स्थिर आहेत. मी आतून ऐकलं, माउसवर हात तसाच ठेवून, आणि तेव्हाही उठले नाही.