दाराला टेकलेली खुर्ची

विद्यापीठात सार्वजनिक प्रश्नांवर व्याख्यान असलं की सभागृह भरलेलं दिसावं म्हणून आमच्या विभागाची मुलं आणून बसवतात, आणि ती मधेच पळू नयेत म्हणून दाराला खुर्ची टेकवून मला बसवतात. काल वक्ते नागरिकांच्या स्वातंत्र्यावर बोलत होते. बोलत होते छान. पण स्वातंत्र्याबद्दल ऐकायला माणसं कोंडावी का लागतात, हे कुणी विचारत नाही. मुलं मान वळवून वळवून माझ्याकडे, म्हणजे दाराकडे, बघत होती. शेवटी एक मुलगी उठून आलीच.

"मॅडम, जाऊ का?"

"आभार झाले की जा."

ती भिंतीला टेकून तिथंच उभी राहिली. जरा वेळानं हळूच म्हणाली, "तुम्हाला तरी जाता येतं का, मॅडम?"

तेवढ्यात टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या, खुर्ची न हलवता.