नव्या फोनवर चालेल काय?

"नव्या फोनवर चालेल काय?"

हा प्रश्न ग्रुपवर पुन्हा आला, तेव्हा मी रत्नागिरीत घरच्या पडवीत लॅपटॉप मांडीवर घेऊन पेंगत होते. श्रावणातली दुपार. खाली खाडीवर ऊन-पाऊस आलटून पालटून चाललेलं, आणि पावसाळ्यासाठी शाकारलेल्या होड्या माडाच्या झापांखाली निजलेल्या.

मासेमारीच्या होड्यांना समुद्राचा नकाशा दाखवणारं एक ॲप आहे. त्याच्या हेल्प ग्रुपची मी मॉडरेटर. लोकांनी अडचणी विचारायच्या, मी उत्तरं द्यायची. मोसमाच्या तोंडावर सगळे नवे फोन घेतात आणि सगळे हेच विचारतात. माझं उत्तर तयारच असतं: हो, चालतं. चिकटवलं की झालं.

या वेळी मात्र विचारणारा माणूसही तोच होता. नाटे बंदरातले पांडुरंग तांडेल. तांडेल म्हणजे होडीचा कप्तान. उत्तर मिळालं तरी थोड्या दिवसांनी पुन्हा तेच. स्क्रीनशॉट मागितला की गप्प.

पुण्याहून ॲपच्या कंपनीतल्या साहेबांचा फोन आला. "मॅडम, डुप्लिकेट प्रश्न आहे तो. बंद करून टाका."

"सर, उत्तर वाचून परत का विचारतायत?"

"वाचत नसतील."

"वाचतात. उत्तराखाली अंगठा देतात."

"मग डोकं खाऊ नका. बंद करा."

मी केला नाही. तांडेलांनाच फोन लावला.

"चालतं ते वाचलं मी," ते म्हणाले. "माझं चालंल काय, ते इचारतोय."

"तुमचं म्हणजे काय?"

पलीकडे समुद्र ऐकू येत होता. ते हळूच म्हणाले, "बापसाच्या खुणा हायत जुन्या फोनात."

खुणा म्हणजे मासळी लागते त्या जागा. त्या घरातल्या माणसालाच सांगायच्या असतात. स्क्रीनशॉट टाकला असता, तर सगळ्या बंदराने पाहिल्या असत्या. वडील गेले होते. खुणा त्या जुन्या, मरायला टेकलेल्या फोनमध्येच उरल्या होत्या.

माझी झोपच उडाली. ॲप नव्या फोनवर चालतं, हे खरं. पण जुन्या व्हर्जनची फाइल त्याला वाचता येत नाही. नव्याचं जुन्याशी जमणं, यालाच आम्ही कम्पॅटिबिलिटी म्हणतो. नाही जमलं तर ॲप कोरा नकाशा उघडतं, आणि दोन्ही फोन एकाच अकाउंटवर असले तर जुनाही कोरा करतं.

"काका, नव्यावर ॲप उघडूच नका. फाइल मला पाठवा."

"पाठवनार नाय. घेऊन येतो."

दुसऱ्या दिवशी एसटीने आले. जुना फोन प्लास्टिकच्या पिशवीत, सदऱ्याच्या आतल्या खिशात; नवा हातात. मी केबल जोडली, फाइल बदलणारा छोटा प्रोग्राम चालवला. लॅपटॉपच्या स्क्रीनवर नुसतं निळं. तांडेल स्क्रीनवर वाकले.

मग एक ठिपका उमटला. मग आणखी एक. प्रत्येकाला वडिलांनी नाव दिलेलं: सासूची खडप, हरवलेला नांगर, गाणारी खाच. बाहेर पावसाची सर आली होती, आणि मला खरंच वाटलं, आपण त्या निळ्यातून सावकाश खाली चाललोय आणि वर कुठेतरी होडीचा तळ दिसतोय. किती वेळ तशी बसले, कोण जाणे.

"हितं मी पयल्यांदा पान्यात पडलो," एका ठिपक्यावर बोट ठेवून ते म्हणाले. "बापूस हसत होता." त्यांचे डोळे भरले. माझेही.

नव्या फोनवर सगळं आलंय याची खात्री झाल्यावर त्यांनी तो पालथा ठेवला.

"तुम्ही सगळं बघितलंत?"

"बघितलं."

"मग इसरा आता."

"विसरले, काका."

ग्रुपवरचं तयार उत्तर मी बदललं. साहेबांना ते लांबलचक वाटलं. प्रश्न काही कमी झालेले नाहीत. आता मी आधी विचारते, जुन्या फोनमध्ये काय आहे? ग्रुपवर कुणीच सांगत नाही. मग मी फोन लावते.