ट्यूबलाइटवर विश्वास नसलेले मामा

आखाडा बाळापुरात ज्याच्या ज्याच्या घरी लग्न झालं, त्या प्रत्येकाला आमच्या मामांनी एकदा तरी भर उन्हात उभं केलेलं आहे. मामांचं लग्नपत्रिका आणि बॅनर छापायचं दुकान, पण दुकानातल्या ट्यूबलाइटवर त्यांचा काडीचा विश्वास नाही. प्रूफ, म्हणजे नमुन्याचा कागद, निघाला की तो घेऊन ते थेट रस्त्यावर जातात, मागून गिऱ्हाईक, आणि रंग पसंत होईपर्यंत कळमनुरीची एसटी हॉर्न वाजवत थांबते. खिशात कायम भिंग. जेवायला बसले तरी वरणात पिवळा पाच टक्के कमी पडला हे सांगितल्याशिवाय घास घेत नाहीत. एकदा हळदीचा एक व्यापारी भांडायला आला, की मोबाइलवर झळकणारा पिवळा मामांनी छापलेल्या हळदीच्या पिशवीवर पार मेला. मामांनी त्याला चहा पाजून तासभर समजावलं, की पडद्यावरचा रंग उजेडाचा असतो आणि कागदावर सायन, मॅजेंटा, पिवळा, काळा अशा चारच शायांचे ठिपके. उजेडाची ऐट शाईला कुठून येणार? व्यापाऱ्याला सगळं पटलं आणि पुढच्या पिशव्या त्याने नांदेडला छापून घेतल्या.

पण मामांचा खरा हट्ट चेहऱ्याचा. आमच्याकडे फोटो छापताना माणूस उजळ करा असं सांगावंही लागत नाही, दुकानदार आपणहून करतात. मामाही करायचे. मग एका शेतकऱ्याच्या आईचा श्रद्धांजलीचा बॅनर त्यांनी असाच गोरापान करून दिला. तो बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "लई झ्याक झाला, पण ही माझी माय न्हाई." त्या दिवसापासून मामांनी कुणाचाही चेहरा उजळला नाही. निम्मी गिऱ्हाइकं गेली.

पुढे त्यांच्या मुलीचं, सुनंदाचं लग्न निघालं. सुनंदा मामांवर गेलेली, चांगली काळीसावळी. दोन स्थळं फोटो बघूनच परत फिरली होती. डोंगरकडा गावचं तिसरं आलं तेव्हा मामी रडकुंडीला आली. "साऱ्या गावाचं इमान तुमीच काहून धरून राहिले? लेकराच्या जल्माचा सवाल हाय." मामा भर दुपारी सुनंदाला दारात उभी करून, तिच्या गालाशी कागद धरून प्रूफं काढत राहिले. एकात मॅजेंटा जास्त, एकात काळा जड. सातव्या कागदावर थांबले आणि तोच पाठवला. मला तेव्हा मामांचा भयंकर राग आला होता. पोरीच्या जिवावर हा कसला हट्ट?

पाहुणे आले. मुलाच्या आईने पिशवीतून फोटो काढला, पोह्यांची बशी धरलेल्या सुनंदाकडे पाहिलं, पुन्हा फोटोकडे पाहिलं. मामीने डोळे मिटून घेतले होते.

"फोटोवानीच हाय की लेकरू," त्या बाई म्हणाल्या. "आतापस्तोर चार घरी फसलो आमी."

लग्न झालं. सातवा कागद सुनंदाबरोबर डोंगरकड्याला गेला आणि उरलेले सहा मामांनी दुकानाच्या भिंतीवर लावले. परवा गेलो तर त्यातला एक हातात घेऊन ते दारातल्या उन्हात उभे होते. रंग उतरला का, मी विचारलं.

"कसं सांगू," मामा म्हणाले. "मिळवून पाहायला पोरगी कुठं हाय आता घरात."