मागे राहिलेले दोघे

जगाचा शेवट झाला तेव्हा मी जालन्यात, आमच्या घरी, कूलरसमोर झोपलो होतो.

आदल्याच दिवशी चर्चमध्ये पाळकसाहेबांनी शेवटल्या काळावर उपदेश केला होता. प्रभू येईल, विश्वासू लोक जिथे असतील तिथून क्षणात वर उचलले जातील, बाकीचे मागे राहतील! (एवढाच भाग मी जागेपणी ऐकला. नंतर डुलकी लागली आणि सासूबाईंनी कोपराने ढोसलं.) सासूबाई भोकरदनहून चार दिवसांसाठी आल्या होत्या, महिना झाला तरी जायचं नाव काढत नव्हत्या.

सोमवारी सुट्टी होती. उन्हं चांगली तापल्यावर उठलो.

"एस्तेर, चहा!" बायकोचं उत्तर नाही.

"आई!" सासूबाईंचंही नाही.

ओट्यावर अर्धा कप चहा, वर साय धरलेली. एस्तेरचा मोबाईल पलंगावर एकटाच वाजत होता. (आमची बायको मोबाईलशिवाय बाथरूमलाही जात नाही!) दाराशी पाहतो तर चपला जिथल्या तिथे. चपला आहेत, माणसं नाहीत! मे महिन्यात जालन्यात अनवाणी माणूस जाऊन जाऊन जाईल कुठे?

कालचा उपदेश आठवला. बायको गेली. सासूबाईसुद्धा गेल्या! त्यांचं मला जरा नवल वाटलं, पण एस्तेरच्या आठवणीने खरंच रडू फुटलं.

तसाच बनियनवर गल्लीच्या टोकाला पळालो. पाळकसाहेब ओसरीवर पेपर वाचत होते.

"सलाम, पाळकसाहेब! तुम्हीबी राह्यले का?"

"कुठं राह्यलो?"

"एस्तेर न्हाई, आई न्हाई, चपला दारात! प्रभूनं उचलून नेलं हो!"

ते हसले. "येडा झाला का? तसं असतं तं मी हितं असतो का?" मग त्यांचं हसू हळूहळू उतरलं. "आमची बाईबी सकाळपासून दिसली न्हाई."

"पाळकीणबाईंच्या चपलांना निळा पट्टा हाय का?"

"हाय."

"मंग त्या आमच्या दारात हायेत!"

दोघं धापा टाकत आमच्या अंगणात आलो. पाळकसाहेबांनी निळ्या पट्ट्याच्या चपला छातीशी धरल्या. "इतकी वर्षं उपदेश मी करून राह्यलो, अन् नेलं तिला!"

आम्ही गुडघे टेकले. मी गळा काढला, "प्रभू, एस्तेरला परत दे! आईलाबी दे! जल्मभर आमच्याच घरी राहू दे त्यांला, मी चकार शब्द बोलणार न्हाई!"

"आमेन!" पाळकसाहेब गरजले.

"आमेन!" वरून आवाज आला.

गच्चीच्या कठड्यावरून तीन डोकी खाली पाहत होती. सासूबाईंच्या हातात चिकाने माखलेला सोऱ्या होता. पहाटेच चीक शिजवून पाळकीणबाईंना घेऊन तिघी कुरडया घालायला चढल्या होत्या, आणि वाळवणाच्या गच्चीवर चपला घालून जायचं पाप आमच्याकडे कोणी करत नाही. कूलरच्या घरघरीत मला काही ऐकूच आलं नव्हतं.

"जावईबापू," सासूबाई म्हणाल्या, "पाळकसाहेबांच्या म्होरं बोललात बरं का!"

पाळकसाहेबांनी चपला हळूच खाली ठेवल्या. "देवाला दिलेलं वचन हाय," एवढं बोलून ते घाईने निघून गेले. (स्वतः काय म्हणाले होते ते त्यांना कोणी विचारलं नाही!)

प्रभू केव्हा येईल हे कोणालाच सांगता येत नाही. फक्त सासूबाईंना न्यायला त्याने भोकरदनला जाऊ नये. त्या आमच्याकडेच असतात, कूलरसमोर. मागे राहिलेला मी, आतल्या खोलीत, पंख्याखाली सापडेन.