उचकीचं गाणं

पैठणपासून नांदेडपर्यंत, गोदावरीच्या दोन्ही काठांवर, विलायती मशक वाजवणारा माणूस एकच होता आणि तो चुलतसासरा म्हणून नेमका माझ्या वाट्याला आला होता. मशक म्हणजे पाणक्या पाठीवर घेतो ती कातड्याची पिशवी. आमच्या धाकट्या मामंजींच्या मशकेत पाण्याऐवजी वारा असायचा. तोंडातल्या नळीने फुंकून ती फुगवायची, काखेत धरून कोपराने दाबायची, की तिला खोचलेल्या तीन नळ्या आणि एक भोकांचा पावा अशी चारही जणं एकदम कोकलायला लागत. घरात सगळे त्या वाद्याला 'बकरू' म्हणत. काखेत धरलं की ते दिसायचंही तसंच, आणि एकदा आवाज ऐकल्यावर दुसरं नाव सुचणं शक्य नव्हतं.

माझी आणि बकरूची पहिली भेट उंबरठ्यावरच झाली. कुंभार पिंपळगावहून दिवसभर बैलगाडीत हाडं खिळखिळी करून घेत मी या घरी आले. दारात तांदळाचं मापटं ठेवलेलं होतं आणि ते हलक्या पायाने लवंडायचं एवढं आईने बजावून सांगितलं होतं. मी पाय उचलला आणि त्याच क्षणी नव्या सुनेच्या स्वागतासाठी मामंजींनी दाराआडून बकरू सोडलं. मापटं थेट तुळशीवृंदावनावर जाऊन आदळलं. सून पायाची मजबूत आहे, अशी माझी कीर्ती त्या दिवशी जी झाली ती पुढे नातवंडं झाली तरी पुसली गेली नाही. मामंजी मात्र प्रसन्न होते. मी दचकले हे त्यांनी कौतुक म्हणूनच घेतलं.

कौतुक म्हणून काय घ्यावं याचा त्यांचा हिशेबच वेगळा होता. एकदा अंबडहून निजामाच्या पोलिसांचे अमीनसाहेब कसल्याशा तपासाला आले होते. गावाच्या शिवेवरच त्यांच्या कानावर बकरू पडलं आणि कुणाचा तरी जीव जातोय असं समजून ते घोडा फेकत आमच्या अंगणात आले. पाहतात तो धोतरावर घोंगडं गुंडाळलेला, गालांचे फुगे झालेला एक माणूस एकाच जागी पावलं आपटत उभा. मामंजींनी न थांबता त्यांना मानेनेच बसायची खूण केली आणि गाणं पहिल्यापासून सुरू केलं. अमीनसाहेब शेवटपर्यंत बसले. उठताना रुमालाने मान पुसत म्हणाले, "बिलकुल जुदा चीज है, मियाँ." एवढ्या एका वाक्यावर मामंजी पुढची दहा वर्षं जगले. आमची म्हैसही बकरू ऐकल्याशिवाय पान्हा सोडत नाही, असं ते पाहुण्यांना सांगायचे. त्यावर आमच्या धाकट्या आत्याबाई, म्हणजे मामंजींची बायको, आतून शांतपणे म्हणायच्या, "भिऊन सोडते बिचारी."

हे वाद्य आमच्याकडे आलं ते पहिल्या मोठ्या लढाईतून. आमच्या घराण्यात पिढ्यान् पिढ्या मेंढरं. गोदावरीपेक्षा मोठं पाणी कुणी पाहिलेलं नव्हतं. मामंजी मात्र ऐन तारुण्यात घरच्यांशी भांडून पलटणीत पाणक्या झाले आणि पार बसऱ्याला पोचले. तिथे त्यांच्या तळाशेजारी घागरे घातलेल्या गोऱ्यांची पलटण उतरली होती. त्यातला एक वाजवणारा शिपाई रोज सकाळी तंबूमागे बसून सराव करी, आणि मामंजी खांद्यावरची मशक तशीच ठेवून ऐकत उभे राहत. भाषा याची त्याला कळेना, त्याची याला. अकरा महिने हे चाललं. मग तो शिपाई आजारी पडला. त्याला दवाखान्याच्या बोटीवर नेलं, तेव्हा जाता जाता त्याने घरून आणलेलं आपलं वाद्य मामंजींच्या हातात दिलं आणि हसला. मामंजी पाण्याची मशक घेऊन गेले होते, ते वाऱ्याची घेऊन परत आले. सोबत दीड गाणी आणली. एक सबंध, आणि दुसरं अर्धं. कारण ते पुरतं पाठ व्हायच्या आत शिपाई बोटीवर गेला होता. अर्धं गाणं मामंजी कधी कधी वाजवायचे आणि जिथे संपायचं तिथे अदबीने थांबायचे.

त्यानंतर आमच्या घरात सगळ्यांच्या आधी बकरूची उस्तवार व्हायची. कातडं मऊ राहावं म्हणून त्याच्या आत करडीचं तेल आणि काकवी घालून ते चोळायचं, आणि मग उन्हात आढ्याला टांगायचं. काकवीच्या वासाने गावातले सगळे मुंगळे आमच्या भिंतीने रांग लावून वर चढत. आत्याबाई खालून राखेच्या रेघा ओढत आणि बोलत, "लेकराला बी एवढं तेल न्हाई लावलं ह्या माणसानं." त्यात नळ्यांमधली आवाज काढणारी पाती गोदावरीच्या बोरूची, ती ते स्वतः चाकूने तासायचे, आणि वीस तासावीत तेव्हा एक बोलायचं. उरलेली एकोणीस शाळेतले मास्तर लेखणीसाठी न्यायचे, त्यामुळे आमच्या गावाचं अक्षर पंचक्रोशीत नावाजलेलं होतं. एक नळी बसऱ्याहून येताना मोडली होती, ती आमच्या सुताराने बाभळीची करून दिली. त्या नळीचं बाकीच्यांशी कधीच एकमत झालं नाही. कुणी खोड काढलीच तर मामंजी एवढंच म्हणायचे, "विलायती हाय ते." त्यापुढे बोलणार कोण? दुसरी मशक कुणी ऐकली होती?

पण एक जागा अशी होती की तिथे हे उत्तरही पुरत नसे. सबंध गाण्यात मध्यावर सूर दोनदा उंच चढायचा, आणि तिसऱ्यांदा चढता चढता मध्येच बसायचा. मशक ढिली पडल्यासारखा एकदम खाली यायचा, क्षणभर रडवेला होऊन लोंबायचा, आणि मग झटका देऊन पुढे निघायचा. न चुकता, रोज. गावाने तिला 'उचकी' असं नाव ठेवलं होतं. बकरूची कुणीतरी आठवण काढून राह्यलंय, अशी पारावर थट्टा चालायची. पण संध्याकाळी मामंजी अंगणात वाजवायला लागले, की साऱ्या आळीचा जीव त्या जागेपाशी अडकलेला असे. दळणारीचा हात तिथे थांबायचा, ताक घुसळणारीची रवी थांबायची, उचकी येऊन गेली की पुन्हा सगळं चालू. मीसुद्धा तशीच थांबायला लागले, आणि कधीपासून ते मला कळलंही नाही.

आत्याबाईंचं म्हणणं होतं की ती चूक आहे. "तिथं तुमचं चुकतंय." मामंजींचं म्हणणं, "अगं, तीच तर खुबी हाय. गाण्याचा जीव तिथंच हाय." हे भांडण मी यायच्या आधी पंधरा वर्षं चाललं होतं आणि मी आल्यावरही तेवढंच चाललं. ते मिटणार कसं? बसऱ्याला जाऊन विचारून येणारं कुणी नव्हतं.

आणि मग निजामाचं राज्य गेलं त्या वर्षी, पोळा होऊन दसरा यायच्या मधल्या दिवसांत, हिंदी फौजेची एक तुकडी शहागडला गोदावरीच्या वाळवंटात उतरली. आमचं गाव तिथून दोन कोसांवर. बाजाराहून आलेला गडी धापा टाकत पारावर सांगायला लागला, "फौजेत बकरूवाले हायेत. एक न्हाई, सहा हायेत. उद्या दुपारी वाजवणार हायेत."

गावात जत्रेसारखी धांदल उडाली. पाटलांनी स्वतः चार गाड्या जुंपायला सांगितल्या. मामंजी मात्र त्या रात्री भाकरीला शिवले नाहीत. सकाळी म्हणाले, "मला कशाला नेता? म्या ऐकलेलं हाय." पाटील म्हणाले, "तुम्ही न्हाई आले तर बराबर हाय का चूक, हे आम्हाला सांगणार कोण?" नेमकं तेच तर त्यांना नको होतं. त्यांच्या चेहऱ्याकडे बघून माझा जीव तुटला. तीस वर्षं ज्या माणसाने एका गाण्याच्या जोरावर गावात मान वर करून दिवस काढले, त्याचा निवाडा आता वाळवंटात, साऱ्या गावासमोर होणार होता. आत्याबाईंनी दशम्या बांधल्या, नवं लुगडं नेसल्या आणि म्हणाल्या, "चला. होऊन जाऊ द्या एकदाचं." मामंजींनी बकरू घोंगड्यात गुंडाळून गाडीत माझ्या पायाशी ठेवलं आणि स्वतः सगळा रस्ता गाडीमागून चालत आले.

ते सहा जवान ओळीने उभे राहिले तेव्हा आम्ही सगळे वाळूत बसलो होतो. डोंगराकडची गोरीपान, तरतरीत पोरं. कपड्याला सुरकुती नाही. पहिलं गाणं आमच्या ओळखीचं नव्हतं. दुसरं मामंजींचं अर्धं गाणं निघालं, आणि ते अर्ध्यापुढे गेलं तेव्हा मामंजी बसल्या जागी ताठ झाले. तिसऱ्याचे पहिले सूर निघाले आणि सगळं गाव एकदम पुढे वाकलं. आपलं गाणं होतं ते. सूर एकदा चढला, पुन्हा चढला. तिसऱ्यांदा चढायला लागला तशी साऱ्यांनी श्वास रोखला. आणि तो सरळ वर गेला, वर जाऊन छान वळला, आणि पुढे निघून गेला.

गाणं संपलं. मी पदराआडून आत्याबाईंकडे पाहिलं. आता या माणसाची खैर नाही, असं मला वाटलं. त्या खाली मान घालून वाळूत बोटाने रेघा ओढत होत्या. शेवटी पाटलांनी घसा साफ केला.

"पोरं चांगली हायेत," ते म्हणाले. "कपडे बी झकास. पर अजून कच्ची हायेत. उचकी यायना त्यान्ला."

साऱ्या गावाने माना डोलावल्या. "जल्दी करून राह्यले," कुणी म्हणालं. "उचकीला सबुरी लागती," दुसरं म्हणालं. दशम्या सोडल्या गेल्या आणि फौजेला वाजवता येत नाही, यावर सगळ्यांचं एकमत झालं. मला हसू आवरेना. पाटलांनी तर मामंजींना आग्रह केला, की काढा बकरू आणि दाखवा त्या लेकरांना. मामंजींनी दोन्ही हात जोडून नाही म्हटलं. त्यांचे डोळे भरून आले होते. गावाने त्याचाही अर्थ लावला, की म्हाताऱ्याला गाण्याची दुर्दशा सोसवली नाही.

परतताना ओढ्यावर बैल पाण्याला सोडले तेव्हा मामंजी गाडीजवळ आले. सासरा सुनेशी असं आपणहून कधी बोलत नसे, म्हणून मी पदर नीट केला.

"सूनबाई," ते म्हणाले, "ते बराबर वाजवून राह्यले होते."

मी गाडीतून खाली उतरले.

"तुझ्या आत्याबाईचं खरं होतं. उचकी गाण्यात न्हाईच." ते बैलांकडे बघत होते. "त्या गोऱ्याची छाती खराब झाल्ती गं. लढाईत धूर का काय ते गेल्तं छातीत, तळावर बोलायचे. तिथं आला की त्याचा दम तुटायचा, मशक ढिली पडायची. मंग पुन्हा फुंकायचा. रोज तिथंच. मला काय म्हाईत? म्या समजलो, गाणंच तसं हाय. त्याचा दम तुटून राह्यला होता, आन् म्या पाणी भरता भरता मान डोलवायचो."

एवढं बोलून ते ओढ्यात उतरले आणि किती तरी वेळ तोंडावर पाणी मारत राहिले. मी कधी न पाहिलेल्या त्या परक्या शिपायासाठी मला रडू आलं, आणि त्याहून जास्त आमच्या मामंजींसाठी.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी रोजच्यासारखं घोंगडं गुंडाळलं आणि अंगणात उभे राहिले. मी चुलीपाशी होते, आत्याबाई ताक घुसळत होत्या. सूर एकदा चढला, दुसऱ्यांदा चढला. तिसऱ्या वेळी आत्याबाईंची रवी आपोआप थांबली. आणि बकरू सरळ वर गेलं. थोडं अडखळत, पण सरळ, त्या फौजेतल्या पोरांसारखं. भिंतीपलीकडचं जातं थांबलं होतं ते थांबूनच राहिलं.

आत्याबाई लोण्याच्या हातांनी तशाच बाहेर गेल्या.

"आज चुकलं जणू."

"न्हाई," मामंजी म्हणाले. "आजच बराबर वाजलं."

"काय बराबर? माझी रवी तशीच अडकली की. त्या पोरांचं नका ऐकू तुम्ही. आपलं वाजवा."

तीस वर्षं त्या एका जागेसाठी भांडलेली बाई हे बोलत होती. मामंजींनी तिच्याकडे बघितलं, मग दारात उभ्या असलेल्या माझ्याकडे. मी पदर तोंडावर धरला होता. त्यांनी पुन्हा मशक फुगवली आणि गाणं पहिल्यापासून सुरू केलं. तिसऱ्या चढावर बकरू ढिलं पडलं, सूर खाली बसला, एका दमेकऱ्याला लागेल तेवढा वेळ लोंबला आणि मग झटका देऊन निघाला. पलीकडचं जातं चालू झालं. आत्याबाई समाधानाने आत आल्या आणि म्हणाल्या, "सांगावं लागतं सगळं."

पुढे मामंजी जितकी वर्षं वाजवू शकले तितकी वर्षं त्यांनी उचकी एकदाही चुकवली नाही. खरी गोष्ट आम्हा दोघांतच राहिली. त्या शिपायाचं नाव त्यांना माहीत नव्हतं, त्यामुळे मलाही नाही. आता मामंजी नाहीत, आत्याबाई नाहीत, बकरूचं कातडंही कधीच वाळून चिरलं. पण संध्याकाळी ताक करायला बसले की अजून माझा हात मध्येच एकदा थांबतो. मी थोडी वाट बघते, आणि मग रवी पुन्हा चालू करते.