मूळ प्रतीचे आप्पा

कुणी फोटो दाखवला की बाकीचे फोटोतलं माणूस बघत, आप्पा कडा बघत. मोबाइलवर दोन बोटांनी चित्र इतकं ताणत की नवरीच्या नथीतला मोतीसुद्धा चौकोनी दिसायला लागे, आणि मग मान हलवून निकाल देत, "फाटलाय." दुसऱ्या मजल्यावरच्या सामंत आजींनी पणतूच्या बारशाचा फोटो मोठ्या कौतुकाने पुढे केला, तेव्हाही आप्पा शांतपणे म्हणाले, "बाळ फाटलंय." आजींनी त्यांच्याशी बोलणं टाकलं. आप्पांना त्याचं काही वाटलं नाही. त्यांच्या मते चूक आजींचीच होती, त्यांनी ओरिजिनल पाठवायला हवा होता.

बोरीवलीच्या आमच्या सोसायटीत त्यांचं नावच ओरिजिनल आप्पा पडलं होतं. नोकरीभर ते कोर्टाच्या नक्कल विभागात होते. कागदाची नक्कल काढायची, तिच्यावर शिक्का मारायचा, पक्षकाराला द्यायची आणि मूळ कागद परत कपाटात. "मूळ प्रत देवाच्या बापाला पण द्यायची नाही," असं ते सांगत, आणि देवाच्या बापाने अर्ज केला असता तरी ते त्याला उद्या या म्हणाले असते याबद्दल आम्हाला शंका नव्हती. निवृत्त झाल्यावर महेशने, म्हणजे त्यांच्या मुलाने, घरात कॉम्प्युटर आणून ठेवला. महेश पवईला मोठ्या कंपनीत इंजिनिअर, त्यामुळे त्याला शिकवायला वेळ नव्हता. आप्पा व्हिडिओ बघून फोटो लहानमोठे करायला शिकले. निम्मी विद्या बरोबर शिकले, उरलेली आत्मविश्वासाने भरून काढली.

सोसायटीच्या ग्रुपवर रोज सकाळी येणारे गुलाब हे त्यांचं पहिलं दुखणं. इतक्या हातांतून फिरून आलेले ते गुलाब की कोबीचे गड्डे वाटावेत. आप्पा प्रत्येकाखाली न चुकता लिहीत, "ओरिजिनल पाठवा. डॉक्युमेंट म्हणून पाठवा." साधा पाठवला की फोटो दाबून येतो, डॉक्युमेंट म्हणून पाठवला की आहे तसा येतो, हे त्यांनी सगळ्यांना पटवायचा चंग बांधला होता. शेवटी काही बायका खरोखरच सुप्रभात डॉक्युमेंट म्हणून पाठवू लागल्या. कुणीच ते उघडत नसे, पण आप्पांना समाधान वाटे.

आप्पा लोकांचे फोटो फुकटात लहानमोठे करून देत, आणि या कामाला दोन्ही बाजूंनी गर्दी होती. सरकारच्या वेबसाइटला माणूस पन्नास केबीच्या आत लागतो आणि चौकातल्या फ्लेक्सला तोच माणूस वीस फुटी लागतो. आप्पा मधे बसून सोसायटीला एकीकडे आकसवत आणि दुसरीकडे फुगवत. त्यात तळमजल्यावरचा नित्यादादा हे मोठं गिऱ्हाईक. तो भावी नगरसेवक होता, आणि मला कळायला लागल्यापासून भावीच होता. वाढदिवसाच्या फ्लेक्ससाठी एकदा तो प्रोफाइलवरचा नखाएवढा फोटो घेऊन आला. आप्पांनी तो ताणून दाखवला. नाकाच्या जागी चारपाच तपकिरी चौकोन होते.

"यात माहितीच नाही रे," आप्पा म्हणाले. "नाक कुठून आणू?"

"नाक टाका ना कुठलं पण, आप्पा. गॉगल तेवढा माझा ठेवा."

आप्पांनी साफ नकार दिला. छोटा करताना असलेलं थोडं सोडावं लागतं, ते चालतं. मोठा करताना नसलेलं आणावं लागतं, ती लबाडी, असं त्यांचं शास्त्र होतं. नित्यादादाला लबाडीचं वावडं नव्हतं. फ्लेक्सवाल्याने त्याला दुसरं नाक बसवून दिलं आणि वर जागा भरायला फोटो आडवा ताणला. चौकातून जाताना आप्पा दर वेळी तिकडे बघून हळहळत. "कोपऱ्याला धरून ओढायला पाहिजे होता गं मंजू," ते मला सांगत. "कुशीला धरून ओढला की माणसाचा म्हैसोबा होतो."

त्यांच्या घरात या शास्त्राला एकच माणूस भीक घालत नसे, ती म्हणजे काकू. काकू अस्सल मालवणी. कॅमेरा दिसला की पदर तोंडावर घेत आणि म्हणत, "माझो फोटो कित्याक काढतंस? मी काय मेलंय?" त्यामुळे घरातल्या प्रत्येक फोटोत काकूंचा अर्धा कान, पाठ किंवा हललेला हात. फक्त एका लग्नात पुतण्याने त्यांना बेसावध गाठलं. अबोलीचा वळेसर माळलेल्या काकू कुणाच्या तरी बोलण्यावर तोंडभर हसल्या आहेत, पुढचा वाकडा दात दिसतोय, डोळ्याखालचा तीळ सुरकुतीत शिरलाय. पुतण्याने तो फोटो कॅमेऱ्यातून थेट आप्पांच्या कॉम्प्युटरवर घातला. आप्पांनी तो ताण ताण ताणला आणि आयुष्यात पहिल्यांदा म्हणाले, "फाटत नाय."

आणि त्या फोटोचीच वाट लागली. काकूंचं ज्येष्ठ नागरिकाचं कार्ड काढायचं होतं. वेबसाइटला नुसता चेहरा हवा, पन्नास केबीच्या आत. आप्पांनी तोच फोटो घेतला, चेहऱ्यापुरता कापला, लहान केला. तेवढ्यात मोबाइलवर ओटीपी आला आणि वेबसाइट घाई करायला लागली. 'सेव्ह ॲज' केलं असतं तर जुना फोटो शाबूत राहिला असता आणि लहान वेगळा झाला असता. आप्पांनी 'सेव्ह' केलं, आणि लहान फोटो जुन्याच्या उरावर बसला. पुतण्याने कॅमेऱ्यातलं कार्ड कधीच पुसून पुढची लग्नं काढली होती. आयुष्यभर लोकांच्या मूळ प्रती सांभाळणाऱ्या माणसाने घरातली एकुलती एक मूळ प्रत स्वतःच्या हाताने घालवली. वर वेबसाइटने कळवलं की फोटो अस्पष्ट आहे, अर्ज नामंजूर. काकूंना हसू आवरेना. आप्पांना मात्र तेव्हा फार लागलं नसावं, कारण खुद्द काकू समोर बसून लसूण सोलत होत्या.

पुढच्या वर्षी काकू गेल्या. मग ते लागलं.

त्याच सुमारास आमच्या जुन्या बिल्डिंगच्या जागी बांधलेला टॉवर पुरा झाला आणि आम्ही सगळे वरच्या मजल्यांवर राहायला गेलो. नव्या हॉलला एक भली मोठी पांढरी भिंत होती. ती बघून महेश म्हणाला की आईचा मोठा फोटो लावू. आप्पांकडे होता तो अर्जाचा, आगपेटीएवढा. कार्ड नामंजूर झालं होतं तरी तो त्यांनी जपून ठेवला होता. तो मोठा करता यावा म्हणून त्यांनी काय नाही केलं. महिनाभर व्हिडिओ बघितले, फुकटची सगळी सॉफ्टवेअर उतरवली, एरवी ज्याच्याशी पटायचं नाही त्या फ्लेक्सवाल्याकडेसुद्धा जाऊन आले. दर वेळी काकूंच्या हसण्याचे चौकोन होत. मी चहा घेऊन गेले की ते स्क्रीनवरून नजर न काढता म्हणत, "माहितीच नाही गं यात." आम्ही त्यांना इतकी वर्षं चिडवलं होतं, पण त्या दिवसांत कुणाची चिडवायची छाती झाली नाही.

वर्षश्राद्धाला महेशने गुपचूप तयारी केली. एआयवर फोटो मोठा करून घेतला आणि दारापेक्षा थोडीच लहान अशी फ्रेम घरी मागवली. सगळ्यांसमोर फ्रेमवरचा कागद काढला. काय तो फोटो! गाल तुळतुळीत, दात एका रांगेत, तीळ गायब, अबोलीच्या जागी कसलीशी महागडी फुलं. पाहुणे म्हणाले, किती छान आलाय. नित्यादादा म्हणाला, "झकास. आप्पा, माझा पण असाच करून द्यायचा."

आप्पा फ्रेमजवळ गेले. सवयीने आधी कडा बघितल्या. मग चेहरा बघितला.

"क्वालिटी चांगली आहे," ते म्हणाले. "पण ही कोण बाई आणलीस घरात?"

महेशचा चेहरा उतरला. "आप्पा, एवढा मोठा करायचा म्हणजे जे नाही ते मशीनला भरावं लागतं ना."

"मग जे नाही ते नसू दे." ते म्हणाले, "मूळ प्रत मी घालवली रे. त्याची शिक्षा तिला कशाला?"

फ्रेम परत कागदात गेली. त्या एवढ्या थोरल्या भिंतीवर मधोमध आगपेटीएवढा फोटो लागला, कारण तेवढ्यातच तो फाटत नव्हता. महेशच्या इंटिरिअर डिझायनरने डोक्याला हात लावला. लांबून बघणाऱ्याला वाटे भिंतीवर स्विच आहे; एका पाहुण्याने तर पंखा लावायला तिकडे हातही नेला. आप्पा येईल त्याला भिंतीशी नेत. "लांबून नाही दिसायची. जवळ या. चष्मा लावा." मग सामंत आजींपासून नित्यादादापर्यंत जो तो भिंतीला नाक लावून काकूंचं हसू बघे. काकू हयात असताना त्यांच्याकडे इतकं जवळून बघायची कुणाला फुरसत नव्हती, मलाही नव्हती.

गेल्या वर्षी आप्पा गेले. नित्यादादाने गेटवर श्रद्धांजलीचा फ्लेक्स लावला. त्यात आप्पांपेक्षा नित्यादादा मोठा होता, आणि उरलेली जागा भरायला आप्पांना कुशीला धरून ओढलं होतं. जन्मभर काडीसारखे राहिलेले आप्पा मेल्यावर बाळसेदार झाले. मला हसू आलं आणि लगेच गेटवरच रडूही आलं, कारण त्याला "फाटलाय" म्हणणारं आता कुणी नव्हतं.

आप्पांचं बघून बघून मीही फोटो लहानमोठे करायला शिकले होते, म्हणून तेराव्यानंतर महेश माझ्याकडे आला. नव्या कॅमेऱ्यातून त्याने स्वतः काढलेला आप्पांचा फोटो त्याच्याकडे होता, तो त्याने मला डॉक्युमेंट म्हणूनच पाठवला. मी आप्पांच्या सवयीने ताणून बघितला. मिशीतला केस न् केस मोजून घ्यावा. अख्खी भिंत भरली असती तरी फाटला नसता. मी विचारलं, केवढी फ्रेम करायची.

"आईएवढा कर," महेश म्हणाला. "तिच्या बाजूला लावायचाय. पण क्वालिटी जायला नको हां."

मी कोपऱ्याला धरून आप्पांना हळूहळू लहान करत आणलं, काकूंच्या शेजारी बसतील एवढं. बोट सवयीने 'सेव्ह'वर गेलं होतं. ते उचललं, आणि 'सेव्ह ॲज' केलं.