उजवीकडचा डाग

मी लेखक नाही. आमच्या घरातून कॉलेजात आलेला पहिलाच, त्यामुळे लिहायला बसलो की आपण दुसऱ्या कुणाची जागा अडवली आहे असं वाटत राहतं. वाचणाऱ्यांनी क्षमा करावी.

मनोरच्या शाळेत सातवीच्या भिंतीवर एक तक्ता होता... ओल धरलेला, कडा वाळवीने खाल्लेला, आणि त्यावर पोट उघडं टाकून आमच्याकडे बघत उभा असलेला माणूस. तपकिरी यकृत, पखालीसारखं जठर, आतड्यांची वेटोळी, आणि चित्रात उजव्या हाताला, जठराला बिलगलेली जांभळट प्लीहा. तिलाच आमच्याकडे पाणथरी म्हणतात हे कळलं, त्या संध्याकाळी मी घरापर्यंत जवळजवळ पळतच गेलो.

कारण भातकापणीच्या दिवसांत आमच्या पाड्यावर हिवताप यायचा, आणि पाणथरी वाढली की मुलांच्या पोटावर तापल्या सळईने डाग द्यायचे. त्या वर्षी माझी अकरा वर्षांची बहीण जानी महिनाभर फणफणत होती. डाग देणाऱ्या रखमाकाकी आल्या. अंगणात ओल्या पेंढ्याचा वास, चुलीत लाल होत चाललेली सळई... काकींनी जानीच्या डाव्या बरगडीखाली बोटं रुतवली.

"हितं हाय. हाताला लागतेय."

"काकी, तिथं नाय," मी म्हणालो. "पाणथरी उजवीकडं असते. तक्त्यात हाय."

"तीस वरसं पोटं दाबतेय मी. ती काय तुझ्या तक्त्याला इचारून बसते?"

बाबा चाचरत म्हणाले, "काकी, पोरगा शिकतोय. कायतरी बघूनच बोलत असंल."

"मंग दोनीकडं देते. तुझा तक्ता पन खूश."

जानी माझ्याकडे बघत होती. "दादा, एकच सांग ना."

"उजवीकडचाच," मी म्हणालो.

काकींनी दोन्ही दिले. डावा पंधरा दिवसांत सुकला. उजवा चिघळला, दिवाळीभर जानीला कुशीवर वळता आलं नाही. ताप थंडी पडल्यावर आपोआप गेला.

कॉलेजात जीवशास्त्राच्या पहिल्याच तासाला सरांनी तसाच तक्ता टांगला आणि सहज सांगितलं, "हा माणूस तुमच्याकडे तोंड करून उभा आहे. त्याची उजवी बाजू तुमच्या डावीकडे येते." मुलं हसली, एवढंही सांगावं लागतं का... मी ते वाक्य वहीत उतरवून घेतलं. त्याला सहा वर्षं झाली. घरी कधी बोललो नाही. तिथे मी शिकलेला होतो.

परवा बाबांचं पोस्टकार्ड आलं, कुणाकडून तरी लिहून घेतलेलं. जानीच्या मुलाला ताप होता, आता उतार आहे. रखमाकाकी हल्ली सगळ्याच मुलांना दोन्हीकडे डाग देतात, तसे त्यालाही दिले. त्याचे हात जानीनेच धरले होते. काळजी करू नये, अभ्यास करावा.